ज्याचं बीम, त्याचा माग

१८ ऑगस्ट २०२० रोजी पुण्यात बनलेला एक व्हिडीओ गेम जगभरात विक्रीला आला. तो ज्या यंत्रावर खेळायचा ते यंत्र मात्र पुण्यात काय, भारतातल्या कुठल्याच दुकानात कंपनीच्या वॉरंटीसह मिळत नव्हतं. गेमचं नाव 'राजी : ॲन एन्शंट एपिक', बनवणारा स्टुडिओ पुण्याचा नॉडिंग हेड्स गेम्स. राजी ही कसरतीचे खेळ करणारी मुलगी. महाबलासुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतो आणि ही पोर त्याच्यामागे निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते, विष्णू धनुष्य देतो. ती ज्या महालांच्या गच्च्यांवरून उड्या मारते त्यांचे जाळीदार सज्जे नि कमानी राजस्थानातल्या, आणि मधली कथा सावल्यांच्या बाहुल्या सांगतात. असा सगळा आपल्या मातीतला ऐवज पहिले ५८ दिवस निन्टेन्डो स्विच या एकाच कन्सोलवर होता, आणि निन्टेन्डोची भारतात अधिकृत विक्रीच नव्हती. ज्याला हवा त्याने दुबई-सिंगापूरहून कुणाकडून तरी आणवावा, नाहीतर ग्रे मार्केटमधून बिलाशिवाय घ्यावा. १५ ऑक्टोबरला राजी प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन आणि पीसीवर आला, तेव्हा कुठे त्याच्या जन्मगावी तो सरळ मार्गाने खेळता येऊ लागला.

एखादा गेम एकाच कंपनीच्या यंत्रावर चालणं याला खेळणारी मंडळी 'एक्सक्लुझिव्ह' म्हणतात, आणि त्यावरची भांडणं बहुतेक वेळा माझी कंपनी भारी की तुझी एवढ्यावरच संपतात. त्यातला खरा प्रश्न बहादरपूरसारख्या गावातून अधिक स्वच्छ दिसतो. बहादरपूर म्हणजे समाजसेविका नीलिमा मिश्रांच्या कामामुळे महाराष्ट्राला ठाऊक झालेलं पारोळा तालुक्यातलं नव्हे, तर तापीकाठच्या बुऱ्हाणपूरला लागून असलेलं. हा मुलूख यंत्रमागांचा. माग कुणाचा, या प्रश्नाचं उत्तर इथे दोन पदरी असतं. लोखंड, मोटर, पत्र्याची शेड आणि विजेचं बिल मागवाल्याचं. पण सुताचं बीम शेठ देतो, कापड शेठ नेतो, आणि मागवाल्याच्या हाती मीटरमागे मजुरी पडते. इचलकरंजीकडे अशा मागवाल्याला 'खर्चीवाला' म्हणतात. बीम आलं नाही की घरचा माग असूनही धोटा हलत नाही. कन्सोल हा असाच माग आहे. दुकानात पन्नास हजार मोजून तो घरी आणता येतो, पण त्याचं बीम म्हणजे गेम, आणि कुठलं बीम चढेल हे यंत्राच्या मालकाने नव्हे तर कंपनीने ठरवलेलं असतं. फरक इतकाच की मागावर कुठल्याही शेठचं सूत चढतं. कन्सोलवर ते चढू नये, अशीच त्याची बांधणी असते.

ही बांधणी करण्यामागचं गणित साधं आहे. कन्सोल कंपन्या यंत्र फारशा नफ्यावर विकत नाहीत, नव्या पिढीच्या सुरुवातीला तर कित्येकदा तोट्यात विकतात, आणि पुढे प्रत्येक गेमच्या विक्रीतून वाटा घेतात. आपल्या दुकानातून विकल्या जाणाऱ्या गेमवर तीस टक्क्यांच्या आसपासचा वाटा हा बराच काळ धंद्याचा रिवाज राहिला आहे. तेव्हा गिऱ्हाईक एकदा दारात आलं पाहिजे, आणि शेजाऱ्याच्या दारात जे मिळत नाही ते आपल्याकडे असलं की ते येतं. इथवर कुणाचं दुमत नाही. दुमत आहे ते यामुळे स्पर्धा वाढते की मरते यावर, आणि माझं म्हणणं असं की हा प्रश्न असा सरसकट विचारला तर त्याला उत्तरच नाही. एक्सक्लुझिव्ह गेम बलवानाच्या हातात कुंपण असतो आणि नव्याने येणाऱ्याच्या हातात शिडी. त्यामुळे तो कुणाच्या हातात आहे, बनवून ठेवलेला आहे की पैसे देऊन अडवलेला, आणि किती काळासाठी, एवढं पाहिल्याशिवाय निवाडा करू नये.

कुंपणाचं सर्वांत उघड उदाहरण १९८०च्या दशकातल्या अमेरिकेतलं. निन्टेन्डोने आपल्या एनईएस यंत्रात एक कुलपाची चिप बसवली होती. कॅसेटमध्ये तिची जोडीदार चिप नसेल तर गेम चालायचाच नाही. बाहेरच्या गेम कंपन्यांशी केलेल्या करारात वर्षाला फक्त पाच गेम काढायची मुभा होती, आणि निन्टेन्डोसाठी काढलेला गेम दोन वर्षं दुसऱ्या कुठल्या यंत्रावर काढायचा नाही अशी अट होती. बाजारातली बहुतेक यंत्रं निन्टेन्डोचीच, त्यामुळे गेम बनवणाऱ्यांनी सही केली. सेगाचं मास्टर सिस्टीम हे यंत्र तांत्रिकदृष्ट्या कमी नव्हतं, पण त्याला चालवायला गेमच उरले नाहीत. इथे निन्टेन्डोने चांगले गेम बनवले म्हणून सेगा हरली असं म्हणणं अर्धसत्य ठरेल. मारिओ निन्टेन्डोने बनवला आणि स्वतःकडे ठेवला, यात तक्रारीला जागा नाही. इतरांनी बनवलेलं बीम इतरांच्या मागावर चढू द्यायचं नाही, ही गोष्ट वेगळी. अमेरिकेत मक्तेदारीविरोधी चौकशीची हवा सुरू झाल्यावर १९९०च्या सुमारास ही अट निन्टेन्डोने सोडून दिली, तिचं समर्थन करणं अवघड होतं हे त्यावरूनही कळतं.

आता शिडी. त्याच सेगाने १९९१ साली 'सोनिक' बनवला. निळ्या रंगाचा, सुसाट पळणारा हा हेजहॉग सेगाच्या यंत्रांशिवाय कुठेच नव्हता, आणि त्याच्या जोरावर सेगाने अमेरिकेत निन्टेन्डोच्या जवळपास बरोबरीला येऊन दाखवलं. दहा वर्षांनी हीच चाल मायक्रोसॉफ्टने खेळली. बन्जी या स्टुडिओचा 'हेलो' १९९९ साली स्टीव्ह जॉब्सने ॲपलच्या मंचावर मॅकसाठी म्हणून दाखवला होता. २००० साली मायक्रोसॉफ्टने बन्जीच विकत घेतली, आणि नोव्हेंबर २००१मध्ये पहिल्या एक्सबॉक्सबरोबर जो गेम आला तो हेलो. मॅकवाल्यांना तो २००३पर्यंत मिळाला नाही. त्यांच्यावर अन्याय झाला हे खरं, पण हेलो नसता तर सोनीच्या प्लेस्टेशन २समोर तिसरा पैलवान उभा राहिलाच नसता, हेही तितकंच खरं.

या दोन सत्यांचा हिशेब एका अर्थतज्ज्ञाने मांडून दाखवला आहे. रॉबिन ली यांचा २०१३ साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये आलेला अभ्यास २००० ते २००५ या काळातल्या अमेरिकी बाजारावर आहे, म्हणजे प्लेस्टेशन २, एक्सबॉक्स आणि निन्टेन्डोचा गेमक्यूब यांच्या झुंजीवर. कुणालाच गेम बांधून ठेवता आले नसते तर काय झालं असतं, हे त्यांनी गणिताने काढलं. यंत्रांची विक्री ७ टक्क्यांनी आणि गेमची तब्बल ५८ टक्क्यांनी वाढली असती, गिऱ्हाइकांचा फायदा दीड अब्ज डॉलरचा झाला असता. पण या वाढीचा लाभ फक्त आधीपासून पुढे असलेल्या सोनीला मिळाला असता. मागून आलेल्या दोघांना एक्सक्लुझिव्हनेच तारलं. गिऱ्हाइकाची त्या वेळची सोय आणि बाजारातली झुंज या दोन गोष्टी एका दिशेला जातीलच असं नाही, हे या आकड्यांचं मर्म. एक्सक्लुझिव्ह म्हणजे निव्वळ लूट म्हणणाऱ्यांना दुसरं वाक्य पचत नाही, आणि कंपन्यांच्या वकिलांना पहिलं. शिवाय ५८ टक्क्यांचा आकडा तेच गेम तरीही बनले असते असं धरून चालतो. तसे ते बनले असते का, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाचं एक उत्तर आपल्याच गल्लीबोळांत पडलेलं आहे, त्याकडे परदेशी अभ्यासकांचं लक्ष जायचं कारण नव्हतं. १९९०च्या दशकात खानदेश-निमाडातल्या घरांत जो 'टीव्ही गेम' आला तो बहुधा निन्टेन्डोच्या जपानी यंत्राची नक्कल असायचा. मीडिया, लिटल मास्टर, टर्मिनेटर अशी नावं, पण आतलं पोट एकच. एकाची कॅसेट बहुतेक दुसऱ्यात चालायची. पिवळ्या कॅसेटवर '९९९९९९ इन १' असं छापलेलं असे आणि आत पाच-दहाच गेम निरनिराळ्या नावांनी पुन्हा पुन्हा येत. कॅसेट चालली नाही की तिच्या तोंडात फुंकर मारायची, हा उपायही सार्वत्रिक. कॉन्ट्रा, मारिओ, बदकं मारायची बंदूक. कुठल्याही ब्रँडचं यंत्र घ्या, हेच मिळणार. एक्सक्लुझिव्ह नावाची गोष्टच नसलेला बाजार पाहायचा असेल तर तो हा. यंत्रं स्वस्त झाली, कॅसेटी भाड्याने मिळाल्या, ज्यांच्या ऐपतीत निन्टेन्डो कधीच आला नसता त्यांनी मारिओ खेळला. गिऱ्हाइकाचं भलं झालं यात शंका नाही. पण विकणाऱ्यांपैकी कुणी या भागातल्या पोरांसाठी एक नवा गेम बनवून घेतला का? घेणार तरी कशाला, उद्या तोच गेम शेजारच्या दुकानातल्या दुसऱ्या नावाच्या यंत्रात चालणार असेल तर त्यावर पैसा घालणारा वेडाच. सगळी चढाओढ यंत्राच्या किमतीवर आणि खोक्यावरच्या चित्रावर आली. बांधलेले गेम नसतील तर सगळ्यांना सगळं मिळेल, या म्हणण्याला माझा आक्षेप इथे आहे. मिळेल ते जुनं, दुसऱ्याने दुसऱ्यांसाठी बनवलेलं.

पहिल्यांदा आपल्यासाठी बनवलेलं जे कन्सोलवर आलं ते, गंमत पाहा, एक्सक्लुझिव्हच होतं. मायक्रोसॉफ्टने २००६ साली अक्षय कुमार आणि युवराज सिंगला घेऊन एक्सबॉक्स ३६० भारतात आणला. सोनीचा प्लेस्टेशन ३ पुढच्या एप्रिलमध्ये ३९,९९० रुपयांना आला. इतके पैसे मोजणारे महानगरांत होते. तालुक्याच्या गावांसाठी सोनीने २००० साली जन्मलेला, एव्हाना म्हाताऱ्यात जमा झालेला प्लेस्टेशन २ पुढे केला आणि त्याच्यासाठी इथे गेम बनवून घेतले. २००९चा 'हनुमान : बॉय वॉरियर' हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने केला, आणि देवाला बटणं दाबून हलवावं का यावर थोडा वादही झाला. 'देसी अड्डा'त कबड्डी, पतंग, गिल्लीदांडू होते. मुंबईच्या ट्राइनने 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' केला. हे गेम सोनीच्या यंत्रांपुरतेच होते. कलाकृती म्हणून त्यांची वाखाणणी करायला मी धजणार नाही. हनुमान तर त्या काळच्या मानानेही कच्चा होता. पण एक्सबॉक्ससमोर टिकण्यासाठी ते बनवलेले नव्हते, कारण त्या किमतीच्या पायरीवर एक्सबॉक्स नव्हताच. सोनीचा सामना होता तो चिप मारलेल्या प्लेस्टेशन २ आणि कॉपी केलेल्या डीव्हीडीशी, केबल टीव्हीशी आणि कन्सोलची गरजच काय या प्रश्नाशी. जिथे बाजारच उभा नाही तिथे एक्सक्लुझिव्ह गेम प्रतिस्पर्ध्याला अडवत नाही, तो आधी गिऱ्हाईक घडवतो. गिल्लीदांडूचा गेम काढायला कुणी तयार झालं ते तो गेम आपलं यंत्र विकेल या आशेवर.

मग बलवानाने ही चाल केली की लगेच दाराला कुलूप, असंही नसतं, आणि इथे माझ्याच युक्तिवादाला छेद देणारा पुरावा मांडला पाहिजे. मायक्रोसॉफ्टने बेथेस्डाची मालक झेनिमॅक्स ही कंपनी साडेसात अब्ज डॉलरना घेतली, तो व्यवहार मार्च २०२१मध्ये पूर्ण झाला, आणि तिचा 'स्टारफील्ड' सप्टेंबर २०२३मध्ये प्लेस्टेशनला वगळून आला. जानेवारी २०२२मध्ये त्यांनी ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ६८.७ अब्ज डॉलरना घेत असल्याचं जाहीर केलं. 'कॉल ऑफ ड्यूटी' सोनीकडून काढून घेतील, अशी ओरड झाली. अमेरिकेचा व्यापार आयोग कोर्टात गेला. जुलै २०२३मध्ये न्यायाधीश जॅकलिन स्कॉट कॉर्ली यांनी व्यवहार थांबवायला नकार दिला. हा गेम प्लेस्टेशनवर ठेवण्याची मायक्रोसॉफ्टकडून शपथपूर्वक दिलेली ग्वाही आणि निन्टेन्डोशी झालेला दहा वर्षांचा करार त्यांनी जमेस धरला. त्याच महिन्यात सोनीनेही करारावर सही केली. एवढं सगळं गिळूनही एक्सबॉक्स मागेच राहिला. त्याचं कारण एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी त्याच वर्षी कबूल केलं होतं: स्टारफील्ड कितीही उत्तम निघाला तरी लोक आपले प्लेस्टेशन विकून येणार नाहीत, कारण एक्सबॉक्स हरला तो नेमका लोकांनी आपले डिजिटल गेम जमवायला सुरुवात केली त्या पिढीत. पूर्वी कॅसेट विकता यायची, मित्राला देता यायची. आता दहा वर्षांत घेतलेले शंभर गेम एका खात्यात अडकलेले असतात, आणि यंत्र बदललं की ते सगळे मागे राहतात. एखादा नवा गेम बांधून ठेवण्यापेक्षा गिऱ्हाइकाचे जुने गेम बांधलेले असणं हे आजचं मोठं कुंपण आहे, आणि ते कुणाच्याही करारात लिहिलेलं नसतं.

म्हणून हल्ली भिंती पडताहेत, एक्सक्लुझिव्हचा जमाना संपला, असं जे ऐकू येतं त्याने मी फारसा हुरळत नाही. २०२४पासून मायक्रोसॉफ्टने आपले गेम प्लेस्टेशनवर द्यायला सुरुवात केली, आणि २०२५मध्ये हेलोसुद्धा तिथे येणार असल्याचं जाहीर झालं. मॅकवाल्यांपासून पळवलेला तो हेलो. सोनीने 'हेलडायव्हर्स २' एक्सबॉक्सला दिला. यात उदारता कमी आणि हिशेब जास्त. अमेरिकेतल्या त्याच खटल्यात सोनीच्या कागदांवर काळ्या मार्करने झाकलेले आकडे स्कॅनमध्ये वाचता आले, तेव्हा 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'ला २२ कोटी डॉलर लागल्याचं जगाला कळलं. एवढा पैसा एकाच यंत्राच्या गिऱ्हाइकांकडून वसूल करणं जड जातं. पण हे दान पडतंय कसं ते पाहा. हरणारा आपले गेम जिंकणाऱ्याला देतो, जिंकणारा आपले मोजकेच बाहेर काढतो. खेळणाऱ्याला आज जास्त गेम मिळतील, ली यांच्या गणितातले ते ५८ टक्के थोडेफार खरे होतील, आणि त्याच गणितातलं पुढचं वाक्यही खरं व्हायची भीती आहे: लाभ पुढे असलेल्याला. नोव्हेंबर २०२०मध्ये एक्सबॉक्स सिरीज एस भारतात ३४,९९० रुपयांना आला, तर प्लेस्टेशन ५ची डिस्कवाली आवृत्ती फेब्रुवारी २०२१मध्ये ४९,९९०ला. पंधरा हजारांचा हा फरक बुऱ्हाणपूरहून जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा इंदूरला खरेदीला जाणाऱ्या घरासाठी लहान नव्हता. तो स्वस्त पर्याय उद्या राहिला नाही, तर सगळे गेम एकाच यंत्रावर मिळाल्याचा आनंद किती करायचा?

राहिला नेहमीचा आक्षेप, की बहादरपुरात कन्सोल कोण घेतंय, पोरं तर मोबाईलवर खेळतात. खरं आहे. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा 'इंडस' २०२४ साली अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर आला, तिथे कुणाला फोन बदलावा लागला नाही. पण बीम देणारा शेठ तिथे दिसत नाही इतकंच. एपिक या गेम कंपनीने गूगलवर भरलेल्या खटल्यात उघड झालं की बड्या गेम कंपन्यांनी आपलं वेगळं दुकान काढू नये, प्ले स्टोअरमध्येच राहावं, म्हणून गूगलने त्यांच्याशी पैशांचे करार केले होते. त्यात ॲक्टिव्हिजनही होती. निन्टेन्डोच्या जुन्या अटीचंच हे सौम्य, हसतमुख रूप. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२मध्ये प्ले स्टोअरच्याच मार्गाने पैसे घेण्याच्या सक्तीवरून गूगलला ९३६.४४ कोटींचा दंड केला, तो अपिलात पुढे बराच खाली आला. राजीदेखील मोबाईलवर आला तो नेटफ्लिक्सच्या सभासदांसाठी. कुलूप फक्त यंत्रावरून खात्यावर गेलं.

सोनीने २०२३ साली 'इंडिया हीरो प्रोजेक्ट' जाहीर केला, त्यात भारतीय स्टुडिओंना पैसा आणि मार्गदर्शन मिळतं. निवडलेल्यांत मुंबईच्या अंडरडॉग्ज स्टुडिओचा मानवी तस्करीवरचा 'मुक्ती' आहे. अशा स्टुडिओंनी कुणाशीच बांधून घेऊ नये असा उपदेश मी करणार नाही. राजीच्या मंडळींनी लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न केला होता, तो फसला. ज्याच्याकडे बीम आहे त्याच्याकडे जावंच लागतं. खर्चीवाल्यालाही ते ठाऊक असतं, म्हणून तो बीम घ्यायचं की नाही यावर भांडत नाही, मजुरीवर आणि मुदतीवर भांडतो. राजीची मुदत ५८ दिवस होती. त्या वर्षी अधिक आश्विन होता, त्यामुळे नवरात्र लांबलं. दुर्गेने त्रिशूळ दिलेली पोर प्लेस्टेशनवर आली त्याच्या दोन दिवसांनी इथे घट बसले.